नग एक, वजन चौदा किलो

११ ऑगस्ट

धाकट्या,

हे डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हातात टेबलफॅन आहे आणि तो खाली ठेवता येत नाही. ठेवला की चार मिनिटांत यंत्र मंदावतं, स्क्रीनवरची माणसं चिखलातून चालल्यासारखी चालतात आणि कासव ओरडतो. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

फोन करून उपयोग नाही. कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्रेसरशेजारी एकतीस वर्षं काढल्यावर तुला फोनवर फक्त 'हॅलो' ऐकू येतं, आणि मोबाइलवर टाइप करताना तुझं एक बोट तीन अक्षरांवर पडतं. म्हणून पत्र.

निवृत्त झाल्यावर मी एक कॉम्प्युटर जुळवला. विकत घेतला नाही, जुळवला. एकेक भाग आणला, जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली, ग्लोव्ह्ज घातले आणि बसवला. खेळण्यासाठी. आम्ही पाच जण एकत्र खेळतो. चौघं लढतात, मी त्यांच्या मागून धावत जखमा भरते. मला ते 'सिस्टर' म्हणतात. त्यांना वाटतं हे मी खेळापुरतं घेतलेलं नाव आहे. चौतीस वर्षं वॉर्डात मला तेच म्हणत होते हे मी सांगितलेलं नाही. माझा आवाज पहिल्यापासून बारीक. परवा कासवाने विचारलं, "सिस्टर, खेळतेस म्हणून घरी ओरडा बसतो का गं?" मी म्हटलं, बसतो. खोटं नव्हतं, तो ओरडतो तेव्हा मी घरीच असते.

कासव आमचा कप्तान. अडचण अशी की चाळिसाव्या मिनिटाला माझा प्रोसेसर तापतो. तापला की स्वतःचा जीव वाचवायला तो आपणच वेग कमी करतो. तोवर तिकडे दोघं मरतात. चार सामने असे गेले. काल कासव सगळ्यांदेखत म्हणाला, "चाळिसाव्या मिनिटाला तू झोपतेस."

"मी झोपत नाही."

"मग काय करतेस? पडून विचार करतेस? अंतिम सामन्याला झोपलीस तर पुढच्या मोसमात दुसरं कोणीतरी बघू."

अंतिम सामना बारा ऑक्टोबरला आहे, दुपारी तीन ते सहा. मी ड्युटीवर झोपते असं चौतीस वर्षांत मला कोणी म्हटलं नव्हतं.

आत्ता १९६ आहे. तू थंडी करतोस. काय करू ते सांग.

ताई

१४ ऑगस्ट, तातडीने

ताई,

घर सोडा. दोघंही. आधी बाहेर पडा, मग पुढचं वाच.

१९६ अंशाला पाणी पाणी राहत नाही. लाकूड काळं पडायला लागतं. मी नोकरीत एकदाच १२० बघितलं, तेव्हा भिंतीचा अर्धा गिलावा खाली आला आणि आम्हाला दोन दिवस सुट्टी मिळाली.

बाहेर आला असाल तर ऐक. थंडी करता येत नाही. मलाही येत नाही. मी फक्त उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी टाकतो. पंखा धरून तू ती यंत्रातून काढतेस आणि भावजींच्या अंगावर टाकतेस. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना होत नाही असं समजू नकोस.

यंत्र फ्रिजमध्ये ठेवू नकोस. सगळ्यांना पहिलं तेच सुचतं. फ्रिज भाजीसाठी असतो. भाजी एकदा गार झाली की गप्प बसते. जी वस्तू आत बसून तापतच राहते तिच्यापुढे फ्रिज हात टेकतो. मग तू ती बाहेर काढतेस आणि तिला दव धरतं.

घरात कासव कधी आणलंत?

धाकटा

१८ ऑगस्ट

धाकट्या,

घर सोडलं होतं. पत्र यांनी फोडलं, पहिलं वाक्य वाचलं, कुंडी आणि चष्मा घेतला आणि समोरच्या शिंप्याकडे जाऊन बसले. मला हाक मारली नाही. सगळा जन्म वाचनालयात गेला, यांना मोठ्याने हाक मारवत नाही. जाताना दारातून माझ्याकडे बघून हातवारे केले. मला वाटलं, फ्रिजचं दार हळू लाव म्हणतात. दोन तासांनी शिंपी विचारायला आला, कुंडीला पाणी घालायचं का.

हो, यंत्र फ्रिजमध्ये होतं. काढलं. घामाने निथळत होतं. हेअर ड्रायरने वाळवलं आणि दोन दिवस निजवून ठेवलं.

१९६ फॅरनहाइट. वॉर्डात ताप तसाच लिहायचो, हात तसाच चालतो. तुझ्या हिशेबात एक्क्याण्णव. गिलावा सुखरूप आहे.

चूक सापडली. प्रोसेसर आणि त्याच्यावरची धातूची चकती यांच्यामध्ये पेस्ट लावतात. मी ती मलमासारखी चांगली जाड चोपडली होती. पातळ लावायची असते. आता पंखाही काढून टाकला आणि पाण्यावर आणलं. निरोपाच्या वेळी वॉर्डाने घड्याळ देऊ केलं होतं, मी त्याऐवजी सलाइनचा स्टँड मागून घेतला होता. त्याला पाण्याची पिशवी टांगली, नळी यंत्रात नेली, तिथून बाहेरच्या जाळीत, छोट्या पंपाने परत पिशवीत. पाणी इंजेक्शनचं, निर्जंतुक. यंत्राला ते लागत नाही. मला लागतं. ताप १७२ वर आला.

मग मी वेग वाढवला. यंत्र ज्या वेगाने चालेल असं सांगून विकतात त्यापेक्षा ते जास्त धावू शकतं. आकडा वाढवायचा, विजेचा दाब थोडा वाढवायचा आणि कोसळतं का ते बघायचं. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. त्याने मी जखमी माणसापाशी पाव सेकंद आधी पोचते. आमच्यात विजार नावाचा एक उतावळा आहे, तो पाव सेकंदात मरतो.

आता पुन्हा १९४. दर चार तासांनी तक्ता भरते.

खिडकीतून स्टँड दिसला म्हणून शेजारीण विचारून गेली, कोणाला लावलंय. यांनी सांगितलं, "स्थिर आहे." संध्याकाळी तिघी भेटायला आल्या. यंत्रासमोर खुर्च्या मांडून बसल्या.

"बोलतं का?"

"नाही. तापलं की नुसतं मंद होतं."

"आमच्याकडेही अगदी तसंच," मधली म्हणाली. तिचा नवरा बाहेर दारात उभा होता.

ताई

२४ ऑगस्ट

ताई,

तुझ्या पत्राचा मी आलेख काढला. गार करतेस, वेग वाढवतेस, तापतं, गार करतेस. हा आजार यंत्राला झालेला नाही.

तरीही एक सुचवतो. आमचं चार नंबरचं चेंबर सध्या रिकामं आहे. सफरचंदांसाठी ते दीड महिना आधीपासून गार करून ठेवतात. आत एक अंश आहे. माझा अंश. तिथे यंत्र ठेव. तुझ्या घरी फक्त स्क्रीन, कीबोर्ड आणि कपाटावर पडलेला तुझा आधीचा कॉम्प्युटर राहील, बाकी सगळं तारेवरून चालेल. इंटरनेटची तार ऑफिसातून ओढतो. विजेची वायर भिंतीतून काढून पिन माझ्या इंजिनरूममध्ये लावतो. भोक पुट्टीने बुजवतो. आतली हवा कोरडी आहे, दव धरणार नाही. फक्त एकदा आत गेलेली वस्तू बाहेरच्या उन्हात काढायची नाही. ती रडायला लागते.

नवीन मॅनेजर आला आहे. त्याला सगळं मोजायचं असतं. मला निवृत्तीला सात महिने आहेत आणि माझ्या नोंदवहीत एकतीस वर्षांत एकही लाल शेरा नाही. पण चेंबर रिकामं आहे, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही.

भावजींबरोबर पाठव. पार्सलने नको.

धाकटा

३० ऑगस्ट

धाकट्या,

हे मंगळवारच्या बसने येतात. सहा तास यंत्र मांडीवर घेऊन बसतील. गोधडीत गुंडाळलं आहे. कंडक्टरने विचारलं तर काय सांगायचं ते यांनी ठरवलेलं नाही, हे कंडक्टरशी बोलणारच नाहीत.

तक्ता सोबत आहे. दर चार तासांनी भरायचा. पहाटे चारचाही.

यांना दोन दिवसांत परत पाठव. चेंबरमध्ये शांत असेल तर यांना ते आवडेल आणि मग निघवणार नाही.

ताई

९ सप्टेंबर

ताई,

पोचलं, बसवलं, चालू आहे.

गेटवर अडकलो होतो. इथे आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद होते. गेटवाला म्हणाला, "काय माल?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर. तो म्हणाला, "तसा रकाना नाही. सफरचंद, बटाटा, इतर. बोला." शेवटी असं लिहिलं: माल इतर, नग एक, वजन चौदा किलो, मालक सिस्टर, चेंबर चार, लॉट ११७७. भावजींनी पावती तीनदा वाचली आणि म्हणाले की वाचनालयातसुद्धा इतकं चोख काम होत नव्हतं.

त्यांना चेंबर फार आवडलं. स्वेटर घालून रिकाम्या फळ्यांमध्ये दीड तास पुस्तक वाचत बसले होते. ओढून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर चष्म्यावर दव आलं.

प्रोसेसर एकेचाळीसवर आहे. सेल्सिअस.

पहाटे चारचा तक्ता मी भरतो आहे. का ते मला कळत नाही, पण भरतो आहे.

धाकटा

२१ सप्टेंबर

धाकट्या,

एकेचाळीस म्हणजे एकशे सहा. माणसाला असता तर धावपळ झाली असती. यंत्राला नुसती कणकण आहे.

दोन सामने जिंकलो. पहिल्यात चाळिसावं मिनिट आलं, गेलं, कोणालाच कळलं नाही. मला कळलं. मी घड्याळाकडे बघत होते. दुसऱ्यात विजार सात वेळा मरायला गेला आणि सातही वेळा मी आधी पोचले. शेवटी तोच वैतागला. म्हणाला, "सिस्टर, जरा मरू दे की." कासव फक्त म्हणाला, "जागी झालीस." पण अंतिम सामन्याचं बोलला नाही. तो तीन तासांचा आहे. आतापर्यंतचे सगळे तासाभराचे होते.

वेग आणखी दोन पायऱ्या चढवला. रागावू नकोस. खाली जागा होती.

घर एकदम शांत झालं. हे दिवसभर वाचतात. मी चार वाजता उठते आणि रिकाम्या टेबलाकडे बघून परत झोपते. शेजारीण दबक्या आवाजात विचारून गेली, कधी गेलं? मी म्हटलं, हवापालटाला पाठवलंय.

ताई

१ ऑक्टोबर

ताई,

वाईट बातमी आहे आणि ती सगळी माझ्यामुळे आहे.

सफरचंदं पंधरा दिवस लवकर आली. दोनशे टन. मी साप्ताहिक सुट्टीवर होतो. परत आलो तर चार नंबर छतापर्यंत भरलेलं आणि मॅनेजर स्वतः हातात पिचकारी घेऊन दाराच्या कडा मेणाने बंद करत होता. सगळा स्टाफ टाळ्या वाजवत होता. त्या वेळी पुढे होऊन 'साहेब, जरा थांबा, आत माझ्या ताईचा कॉम्प्युटर आहे' असं मला म्हणता आलं नाही. मीही टाळ्या वाजवल्या.

हे चेंबर आता एप्रिलपर्यंत उघडत नाही. आतला ऑक्सिजन काढून टाकतात. सफरचंदांना श्वास कमी मिळाला की ती म्हातारी होत नाहीत. माणूस आत गेला तर तीन पावलांत आडवा होईल. दार उघडलं तर दोनशे टनांचा मोसम संपला.

यंत्र सफरचंदांच्या मागे कोपऱ्यात चालू आहे. त्याला श्वास लागत नाही. पण त्याची उष्णता. एक अंशाच्या जागी एक पूर्णांक चार झालं आहे. मॅनेजर फार शिकलेला आहे. कॉम्प्रेसरने किती वीज खाल्ली त्यावरून आत किती सफरचंदं श्वास घेतात ते तो रोज सकाळी काढतो. काल त्याने मला बोलावलं.

"चार नंबरमध्ये किती माल?"

"दोनशे टन, साहेब."

"खोटं. दोनशे साठ आहे. साठ टन नोंदीबाहेर कोणी घातला?"

त्याचं गणित मी दोनदा तपासलं. चुकलेलं नाही. तुझं यंत्र साठ टन सफरचंदांइतकंच तापतं.

पिन माझ्या इंजिनरूममध्ये आहे. काढली की सगळं मिटतं. तुला विचारल्याशिवाय काढत नाही. पण लवकर कळव.

धाकटा

४ ऑक्टोबर

धाकट्या,

काढू नकोस.

मी वेग दोन पायऱ्या उतरवला आहे. सामन्यापर्यंत उतरलेलाच ठेवते. पूर्ण बंद करता येत नाही. बंद करून पुन्हा चालू करायचं तर त्याच्यावरचं बटण दाबावं लागतं. ते कोण दाबणार? एखादं सफरचंद?

तुझी नोंदवही मला माहीत आहे. लाल शेरा म्हणजे काय तेही माहीत आहे. म्हणून तुला एक गोष्ट सांगते, ती यांनाही सांगितलेली नाही. नोकरीच्या सहाव्या वर्षी पहाटे मी खुर्चीत वीस मिनिटं झोपले. नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईने पाणी मागितलं. ते आठ नंबरच्या बाईने उठून दिलं. काही झालं नाही. दोघी बऱ्या होऊन घरी गेल्या. आठ नंबर जाताना माझ्याकडे बघून हसली आणि काही बोलली नाही. तिने तक्रार केली असती तर मी विसरले असते.

कासव म्हणाला त्यात काही तथ्य नाही, यंत्र तापत होतं. पण त्याला हे कुठून कळलं असं मला क्षणभर वाटलं.

बारा तारखेला तीन तास जागं राहून दाखवायचं आहे. मग मीच बंद करते.

ताई

७ ऑक्टोबर

प्रति, मालक, लॉट ११७७

महोदया,

आपणांस कळविण्यात येते की चेंबर क्र. ४ मध्ये मंजूर मालापेक्षा साठ टन अधिक माल श्वसन करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. सर्व लॉटची छाननी केली असता केवळ आपल्याच मालाचे वर्णन 'इतर' असे आढळते. आपण चौदा किलोच्या नोंदीवर साठ टन सफरचंद ठेवले असल्याचा निष्कर्ष निघतो. हे आपण कसे केले, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवण्यात येत आहे.

तरी आपल्या मालाने श्वसन तातडीने कमी करावे.

दि. १२ रोजी दुपारी तीन ते सहा या वेळेत मी स्वतः ऑफिसातील काट्यासमोर बसणार आहे. तापमान १.२ च्या वर गेल्यास चेंबर उघडून तपासणी केली जाईल. आपण उपस्थित राहू शकता. गरम कपडे आणावेत.

व्यवस्थापक

ता.क. साठ टन एकरकमी विकण्याचा विचार असल्यास एक व्यापारी माझ्या ओळखीचा आहे.

९ ऑक्टोबर

ताई,

त्याने तुला लिहिलं ते मला दाखवून लिहिलं. पत्त्यावरून त्याला काही कळलं नाही. तू माझी बहीण आहेस हे गेटवाल्याला माहीत आहे, पण त्याला कोणी विचारलेलं नाही आणि विचारल्याशिवाय तो बोलत नाही.

मॅनेजरने नेमके तुझेच तीन तास का निवडले ते कळत नाही. बहुतेक त्याला दुपारी जेवणानंतर काही काम नसतं.

असं करतो. इंजिनरूममध्ये एक जुना कॉम्प्रेसर राखीव आहे. तो आपोआप चालत नाही. व्हॉल्व्ह हाताने फिरवत राहावं लागतं, आणि समोरच्या काट्यावरून नजर काढता येत नाही. मला धोक्याची घंटा ऐकू येत नाही, त्यामुळे नजरेवरच सगळं. तीन तास मी तिथे उभा राहतो. तू तिकडे जेवढं तापवशील तेवढं मी इकडून काढतो. मॅनेजरच्या काट्यावर एक अंशच दिसेल.

तू पूर्ण वेगाने खेळ. पायऱ्या उतरवून हरलीस तर माझं उभं राहणं फुकट जाईल.

खाटेबद्दलचं वाचलं. त्यावर काही लिहीत नाही.

पिन काढणार नाही.

धाकटा

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी सात

धाकट्या,

सगळं आठवतं आहे तोवर लिहून काढते.

तीनला बसले. यांनी दाराला पाटी लावली: शांतता राखा. आतून लावली, म्हणजे मलाच दिसत होती. दोन पायऱ्या चढवल्या, मग आणखी एक, जी तुला सांगितली नव्हती. यंत्र तुझ्या हिशेबात चाळीस, बेचाळीस, तिथेच. पहिल्या तासात विजार नऊ वेळा वाचला. दुसऱ्यात आम्ही पुढे होतो. मी एकदाही खुर्चीला पाठ टेकली नाही.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी कासव थांबला. मैदानाच्या मधोमध, तलवार वर, तसाच उभा. मला वाटलं त्याचं यंत्र तापलं. मग कानात आवाज आला. घोरत होता. तो कुठल्यातरी गोदामावर पहारेकरी आहे हे आज नंतर त्याच्याकडूनच कळलं. रात्रपाळी करून, न झोपता, थेट सामन्याला बसला होता. मी त्याचा आवाज माझ्या बाजूने सगळ्यांसाठी बंद केला. तेवढा अधिकार मला आहे.

विजार ओरडला, "कासव कुठंय? पुढे का येत नाही?"

मी म्हटलं, "मागची बाजू सांभाळतोय. तू पुढे बघ."

समोरच्या संघाची तीन माणसं कासवावर तुटून पडली. मी त्याच्यासमोर उभी राहिले. जखम पडत होती आणि मी भरत होते, पडत होती आणि भरत होते. यंत्र साठवर गेलं. यापूर्वी तिथे ते इतकं कधीच गेलं नव्हतं. एकदाही अडखळलं नाही. अकरा मिनिटं. मग त्याला जाग आली.

"काय झालं? मी होतो ना?"

"होतास."

"काही कमी-जास्त?"

"काही नाही. चल, उजवीकडे."

चार गुणांनी हरलो. मी त्याच्यापाशी अडकले नसते तर विजार वाचला असता आणि कदाचित जिंकलो असतो. विजारने मला बरंच ऐकवलं.  सगळे गेल्यावर कासव मागे राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, मी माझं रेकॉर्डिंग बघितलं."

मी इकडे नुसती हसले.

मग म्हणाला, "मे महिन्यात पुढचा मोसम आहे. तीन वाजताची वेळ चालेल ना तुला? शाळा असते का?"

मी म्हटलं, चालेल.

सहा वाजून दहा मिनिटांनी यंत्र बंद केलं. एप्रिलपर्यंत झोपू दे.

तू अजून उभा असशील तर बस आता.

ताई

१३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. सहा दहाला व्हॉल्व्ह एकदम हलका झाला, म्हणजे तू यंत्र बंद केलंस एवढं कळलं. जिंकलीस की हरलीस ते व्हॉल्व्हवरून कळत नाही. पाच चाळीसला मात्र दोन फेरे जास्त उघडावा लागला, अकरा मिनिटं. घाम फुटला मला इंजिनरूममध्ये. एवढं काय तापवत होतीस?

मॅनेजर तीन तास त्याच्या काट्यासमोर बसला. एक अंश. शेवटी त्याने माझ्या नोंदवहीवर 'उत्तम' लिहिलं. निळ्या शाईत.

आज सकाळी त्याने नेहमीप्रमाणे रात्रीच्या विजेवरून हिशेब काढला. दोनशे टन. काल संध्याकाळी सहानंतर साठ टन सफरचंदं चेंबरमधून नाहीशी झाली आहेत आणि दाराचं मेण जिथल्या तिथे आहे. मालक म्हणून तुझी लेखी तक्रार त्याला हवी आहे. ते पत्र तुला येईलच.

रात्री नऊ वाजता पाळी सुटली तेव्हा तो गेटवर उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघत होता. माझा डबाही त्याने उघडून बघितला.

धाकटा